पिशवी लावताना आणि काढताना

चि. सायलीस,


दुर्बिणीतून स्टोमा, म्हणजे पोटावर आतड्याचं तोंड, करायला शिकते आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. आनंद झाला. आता काकाचे चार शब्द ऐक.

छेद लहान झाला, म्हणजे काम हलकं झालं असं समजू नकोस. पोटावर जागा आधी तूच आखायची. पेशंटला उभं कर, बसव, वाकायला लाव. बाई साडीच्या निऱ्या कुठे खोचते, पुरुष नाडी कुठे बांधतो, ते बघ. बेंबी, जुने व्रण, पोटाच्या वळ्या टाळ. जागा रेक्टस स्नायूतून जाणारी आणि पेशंटला स्वतःला दिसेल अशी हवी; उद्या पिशवी तोच बदलणार आहे.

पोटात हवा भरली की आतडं कुठलं आणि कुठल्या बाजूचं, यात गफलत सहज होते. इलिओस्टोमीसाठी, म्हणजे लहान आतड्याच्या स्टोमासाठी, सीकमपासून मागे मोजत ये. आतडं बाहेर काढल्यावर पुन्हा दुर्बीण घालून पीळ पडला नाही ना, हे पाहा. लहान आतड्याचं तोंड दोन-अडीच सेंटीमीटर वर उलटवून शीव, नाहीतर पाझरणाऱ्या रसाने कातडी सोलवटते. घरी पाठवताना जुलाबासारखं पाणी जाऊ लागलं तर काय करायचं, हेही शिकव. किडनीला पहिला फटका त्याचाच बसतो.

आता पिशवी काढण्याविषयी. लूप इलिओस्टोमी बहुधा स्टोमाभोवतीच्या छेदातूनच बंद होते. तिथे दुर्बिणीचा हट्ट नको. त्याआधी आतड्याचा खालचा जोड भरला आहे का, ते मात्र तपास. आँरी हार्टमन यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेनंतर आतडं पुन्हा जोडणं अवघड असतं, आणि दुर्बिणीचा खरा उपयोग तिथे. पोटभर चीर टळली की वेदना कमी होतात, पेशंट लवकर चालू लागतो. पण आतडी चिकटलेली असतात, गुदाशयाचं टोक ओटीपोटात दडलेलं असतं, डावी मूत्रवाहिनी जवळच असते. काम पुढे सरकेना तर पोट उघड. त्यात कमीपणा नाही.

हार्टमन झालेल्या कितीतरी पेशंटांची पिशवी पुढे कधीच निघत नाही. काहींची प्रकृतीच साथ देत नाही, पण काहींना परत कधी यायचं हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून एवढं कर: डिस्चार्ज कार्डावर परत येण्याचा महिना आणि कुणाला भेटायचं, ते मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिही.

तुझा,
काका