राबाची राख आणि चुलीचा कोळसा

कर्जत तालुक्यांतील कळंब व भोंवतालच्या वाड्यांत भाताचें रोप टाकण्यापूर्वीं राब भाजण्याची चाल आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. ऐनाच्या डाहळ्या, पाला, गवत व शेण यांचा थर देऊन तो उन्हाळ्यांत जाळितात. त्यानें तणाचें बीं मरतें व रोपास राख मिळते, हें खरें. परंतु बहुतेक माल धूर होऊन जातो, आणि राखेंतलें पुष्कळ सत्त्व पावसाबरोबर ओढ्यास मिळतें. त्याच काडीकचऱ्याचें अधिक हित करितां येईल काय, ह्याचा आज विचार करूं.

लाकूड तापलें म्हणजे त्यांतून वायु निघतो. ज्वाळा दिसते ती त्या वायूची. मागें कोळसा राहतो. त्यास हवा मिळत गेली तर त्याची राख होते. हवा वेळींच कोंडली तर तो शिल्लक राहतो. वायूच्या चुली ह्याच तत्त्वावर चालतात: वर अन्न शिजतें, धूर थोडा होतो, व खालीं कोळसा उरतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेनें शेतांत जाळून टाकण्याचें उसाचें पाचट बंद डब्यांत भाजून त्याच्या कोळशाच्या कांड्या केल्या. त्या कामास 2002 सालीं ॲशडेन पारितोषिक मिळालें.

हा कोळसा जमिनीसहि उपयोगी आहे. त्याच्या असंख्य छिद्रांत पाणी व खताचें सत्त्व टिकतें. ॲमेझॉन नदीच्या कांठीं प्राचीन लोकांच्या कोळशानें व केरकचऱ्यानें झालेली काळी जमीन शेंकडों वर्षांनंतर आजहि सुपीक आहे. मात्र कोरा कोळसा आरंभीं पिकाचेंच अन्न ओढतो. म्हणून तो बारीक कुटून शेणकाल्यांत पंधरा दिवस मुरवावा व मग मातींत मिसळावा. प्रथम एकाच वाफ्यांत घालावा, शेजारचा वाफा तसाच ठेवावा, आणि कापणीच्या वेळीं दोहोंचें धान्य मोजून पाहावें. ह्याकरितां उभें झाड मात्र तोडूं नये. काटक्या व तुऱ्हाट्या पुरेत.

एक इशारा आहे. निखारे पाण्यानें पुरते विझवावे, आणि पेटता कोळसा बंद झोपडींत ठेवून कधींहि निजूं नये. त्याच्या विषारी वायूस वास नसतो. निजलेला मनुष्य उठत नाहीं.

ह्या भागांत कित्येक कातकरी बंधूंनीं उचल घेऊन व्यापाऱ्यांच्या भट्ट्या लावण्यांत आयुष्यें घालविलीं. कोळसा दूर गेला, कर्ज मात्र घरीं राहिलें. ज्या हातांस कोळसा पाडण्याची विद्या येते, त्यांच्याच शेतांत व परसांत तो आतां पडावा, एवढेंच आमचें मागणें आहे.