पुनर्जन्म आणि प्रबोधन

इ. स. १८९३ च्या जून महिन्याची पहिली तारीख. त्या दिवशी ठाणे शहरात एका ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. मराठी भाषेतील ग्रंथ एकत्र करावेत आणि ते पुढील पिढ्यांसाठी जतन करावेत, हा त्याचा हेतू होता. हेच ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय होय. त्याच्या संस्थापकांपैकी एक होते विनायक लक्ष्मण भावे. त्या वेळी त्यांना बाविसावे वर्ष चालू होते.

भावे यांचे शिक्षण विज्ञानशाखेचे आणि व्यवसाय मिठाचा. परंतु त्यांचे चित्त जुन्या मराठी काव्यात रमत असे. त्या काळी कित्येक प्राचीन कवींची काव्ये अद्याप छापली गेली नव्हती. ती हस्तलिखित पोथ्यांच्या रूपाने कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरात, तर कोणाच्या मठात पडून होती. काहींना कसर लागली होती, काही पावसाळी ओलीने कुजत होती. एक पोथी नष्ट झाली, म्हणजे एका कवीचा आवाज कायमचा बंद होई. भावे यांनी अशा पोथ्यांचा कसून शोध घेतला. जुनी कविता लोकांच्या हाती पडावी म्हणून त्यांनी १९०३ साली ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक सुरू केले. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथात त्यांनी प्राचीन मराठी साहित्याचा इतिहास सांगितला.

अशा कार्याला काय म्हणावे? इंग्रजी भाषेत त्यासाठी एक शब्द आहे : रेनेसान्स. हा शब्द इंग्रजीने फ्रेंच भाषेतून घेतला. त्याचा मूळ अर्थ ‘पुनर्जन्म’ असा आहे. इंग्रजीत तो दोन प्रकारे वापरला जातो. त्याचे आद्याक्षर मोठे लिहिले, म्हणजे त्याने युरोपच्या इतिहासातील एका विशिष्ट कालखंडाचा बोध होतो. तेच अक्षर लहान लिहिले, म्हणजे कोणत्याही देशातील कलेचे, विद्येचे किंवा संस्कृतीचे नवे चैतन्य, असा व्यापक अर्थ होतो.

युरोपातील तो कालखंड सामान्यतः चौदाव्या ते सोळाव्या शतकापर्यंतचा मानतात. त्याचा आरंभ इटलीत झाला. तेथील कवी पेत्रार्क हा प्राचीन रोमन ग्रंथकारांच्या हस्तलिखितांच्या शोधात गावोगाव फिरत असे. १३४५ साली व्हेरोना शहरात त्याला सिसेरो या प्रसिद्ध रोमन वक्त्याची पत्रे सापडली. विस्मृतीत गेलेले असे अनेक ग्रंथ पुढे विद्वानांनी उजेडात आणले. पंधराव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत गुटेनबर्गने सुट्या खिळ्यांनी ग्रंथ छापण्यास सुरुवात केली आणि ज्ञानाचा प्रसार झपाट्याने होऊ लागला. शिल्पकार मायकेलअँजेलो याने प्राचीन मूर्तींचा बारकाईने अभ्यास केला. परंतु त्याने केवळ त्यांची नक्कल केली नाही. १५०४ साली पूर्ण झालेला त्याचा ‘डेव्हिड’ हा पुतळा स्वतःच्या तेजाने उभा आहे. जुन्यापासून शिकावे आणि नवे निर्माण करावे, हेच त्या युगाचे मर्म होते.

मराठीत या इंग्रजी शब्दासाठी ‘पुनरुज्जीवन’ आणि ‘प्रबोधन’ असे दोन शब्द रूढ आहेत. ते समानार्थी वाटले, तरी त्यांत सूक्ष्म भेद आहे. पुनरुज्जीवन म्हणजे लोपत चाललेल्या गोष्टीत पुन्हा प्राण ओतणे. बंद पडलेली एखादी लोककला पुन्हा सुरू झाली, तर ते तिचे पुनरुज्जीवन होय. ‘प्रबोधन’ या शब्दाच्या मुळाशी ‘बुध्’ हा संस्कृत धातू आहे. जागे होणे, जाणणे, हा त्याचा अर्थ. जागा झालेला मनुष्य केवळ कालची आठवण काढीत बसत नाही. तो उठतो, डोळे उघडून पाहतो, प्रश्न विचारतो आणि कामाला लागतो. केशव सीताराम ठाकरे यांनी समाजाला जागे करण्यासाठी १९२१ साली जे पाक्षिक काढले, त्याला त्यांनी ‘प्रबोधन’ हेच नाव दिले.

हा भेद कल्याणच्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कल्याण हे आनंदीबाई जोशी यांचे माहेर. ज्या काळी मुलींनी अक्षर गिरवणेदेखील अनेकांना रुचत नसे, त्या काळी त्या सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत गेल्या आणि १८८६ साली वैद्यकाची पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पूर्वजांची विद्या आणि पाश्चात्त्यांचे नवे शास्त्र, या दोहोंचा त्यांनी अभ्यास केला. त्यांनी जुन्याचा अव्हेर केला नाही आणि नव्याचे भयही बाळगले नाही. हे निव्वळ पुनरुज्जीवन नव्हे. हे प्रबोधन होय.

आज ‘रेनेसान्स’ हा शब्द इमारतींना आणि दुकानांनाही दिलेला आढळतो. मोठा शब्द लहान कामासाठी वापरला, की त्याचे मोल कमी होते. म्हणून एखाद्या घटनेस हे नाव देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : येथे जुने काय जपले गेले? आणि त्यातून नवे काय जन्मास आले? दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली, तरच तो शब्द तेथे शोभून दिसतो.

२०१७ साली डोंबिवली येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ही संमेलने भाषेचा उत्सव होत. परंतु उत्सव संपतो, मांडव उतरतो आणि ग्रंथ तेवढे मागे राहतात. ते कोणी तरी उघडावे लागतात. माळ्यावरील पोथीवरची धूळ झटकून ती वाचणारा जोवर भेटत नाही, तोवर तिचा पुनर्जन्म होत नाही. आणि ती वाचून ज्याला नवे काही सुचते, त्याच्याच मनात प्रबोधनाची पहाट होते.

स्वाध्याय

१. विनायक लक्ष्मण भावे आणि पेत्रार्क यांच्या कार्यांत कोणते साम्य आहे?
२. ‘पुनरुज्जीवन’ आणि ‘प्रबोधन’ या शब्दांतील भेद एकेक उदाहरण देऊन सांगा.
३. ‘मांडव उतरतो आणि ग्रंथ तेवढे मागे राहतात’ या वाक्याचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहा.
४. आपल्या गावातील ग्रंथालयास भेट द्या आणि तेथील सर्वांत जुन्या मराठी ग्रंथाविषयी दहा ओळी लिहा.