स्वयंभू संख्या आणि फसवे सूत्र

९, २०, ३१, ४२, ५३ ही पदे देऊन ‘सूत्र निवडा’ असे विचारले, तर आपण काय करतो? फरक काढतो. प्रत्येक वेळी ११ येतो. म्हणजे अंकगणिती श्रेढी. न वे पद ११न − २. चार पर्यायांच्या प्रश्नाला एवढे पुरते. मीही एकदा हेच लिहून मोकळा झालो होतो.

परंतु हीच पदे एका निराळ्या मालिकेतही येतात. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांची ही मालिका. त्यांची रीत साधी आहे. कोणतीही संख्या घ्यावी व तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २३ मध्ये २ + ३ मिळविले की २८; म्हणून २३ हा २८ चा जनक. जिला असा जनकच नाही ती स्वयंभू संख्या. आपल्या वाईत देवळांची वाण नाही, त्यामुळे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीतले ‘सेल्फ नंबर’ त्यापुढे फिके वाटते.

स्वयंभू संख्या अशा : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८, ११०, १२१...

पहिली पाच पदे पाहणारा २न − १ म्हणेल व लगेच फसेल. कारण १० मध्ये १ मिळविला की ११ होतात. ९ पासून पाहणाऱ्याचे ११न − २ मात्र तब्बल दहा पदे टिकते! अकरावे पद त्याच्या मते ११९. पण १०९ मध्ये १ + ० + ९ मिळवून पाहा, ११९ चा जनक सापडतो. उलट ११० ला तो मिळत नाही.

मग हे ११ आले कोठून? दशकस्थानी अ आणि एककस्थानी ब असेल, तर संख्या १०अ + ब. तिच्यात अ + ब मिळविले की ११अ + २ब. दशक एकाने वाढला की सगळे ११ ने पुढे सरकते, आणि जनक नसलेल्या जागाही तशाच सरकतात. एकअंकी संख्यांत केवळ २ब, म्हणजे सम संख्या मिळतात. म्हणून ९ पर्यंतच्या विषम उरल्या. शतकस्थानी क आला की राशी होते १०१क + ११अ + २ब, आणि तेथे जुने सूत्र तुटते.

गंमत अशी की ११० पासून ११ चा फरक पुन्हा सुरू होतो व २०९ पर्यंत चालतो. त्यानंतरची स्वयंभू संख्या २२० नव्हे, २११. असे का, ते वरच्या राशीत क = २ घालून पाहावे.