खारबांधाचे रक्षण व कांदळवनाची पुनर्लागवड

कोकणात खाडी आणि शेत यांच्यामध्ये दोन तटबंद्या असतात. पहिली निसर्गनिर्मित कांदळवनाची व दुसरी शेतकऱ्याने श्रमाने घातलेल्या खारबांधाची. पहिली नष्ट झाली म्हणजे उधाणाच्या लाटांचा सारा मारा दुसरीवर येतो, बांधास खांड पडते आणि खारे पाणी शिरून भातशेती नापीक होते. समुद्राची पातळी वाढत असल्याने हा धोका वाढतच जाणार आहे.

शहरेही यातून सुटलेली नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीचे पात्र व मुखाजवळील खाजणे भरावामुळे आक्रसली होती. पाण्यास पसरावयास जागा उरली नव्हती.

कांदळवनाचे कार्य : तिवराची श्वसनमुळे व कांदळाची आधारमुळे पाण्याचा वेग मंदावतात. त्यामुळे गाळ साचतो व किनारा धुपत नाही. मात्र अरुंद पट्टा मोठ्या वादळी भरतीस पुरा पडत नाही. म्हणून बांधाची डागडुजी करावीच लागते.

जागेची निवड : पुष्कळ लागवडी चुकीच्या जागेमुळे मरतात. सदैव पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात रोपे गुदमरतात. जेथे भरती पोहोचत नाही तेथे क्षार साचून ती करपतात. भरती-ओहोटीचे पाणी नियमित खेळते अशीच जागा निवडावी. तिसऱ्या वेचण्याच्या जागा वगळाव्यात. जेथे भरावामुळे पाणी अडले असेल तेथे प्रथम जुने ओहोळ मोकळे करावेत. तामिळनाडूतील पिचावरम येथे मुख्य चर व त्यास तिरपे उपचर खणून उजाड झालेले कांदळवन पुन्हा उभे केले गेले. पाणी खेळू लागले व जवळ बीजवृक्ष असले तर कित्येकदा रोपे आपोआप उगवतात.

लागवड : कांदळाचे बी झाडावरच रुजते. झाडावरून सहज सुटणारे, कीड नसलेले शेंगेसारखे कोंब गोळा करून, टोकदार मूळबाजू खाली ठेवून, सुमारे एकतृतीयांश भाग चिखलात रोवावा. तिवराची रोपे मात्र पिशव्यांत वाढवून लावणे श्रेयस्कर. दोन रोपांत एक ते दोन मीटर अंतर ठेवावे. गुरे व वाहून येणारा कचरा यांपासून रोपांस जपावे.

बांधाच्या आत दक्षता : खांड पडताच ती बुजवावी व उघाडीची झडप दुरुस्त ठेवावी. विलंब झाल्यास भरतीबरोबर बी येऊन शेतातच तिवर माजते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी कांदळवन तोडता येत नाही. मग शेत परत मिळविणे फार कठीण होते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी शेतकऱ्यांसह बांधाची पाहणी करावी, दुबळ्या जागा नोंदवाव्यात आणि लागवडीची जागा वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या सल्ल्याने ठरवावी. कांदळवन बांधाबाहेर आणि भात बांधाच्या आत, ही मर्यादा राखली तर दोहोंचेही रक्षण होईल.