सागरतळीचा मऊ स्नायू

पाण्याच्या दाबाचा पाठ शिकविताना पुढील उदाहरण शिक्षकांस उपयोगी पडेल. मारियाना गर्तेत १०,९०० मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे अकराशे किलोग्रॅम भार पडतो. तेथे यंत्र न्यावयाचे तर धातूचे जाड कवच हवे, अशी समजूत होती. परंतु आठ हजार मीटर खोलीवर स्नेलफिश नावाचा लिबलिबीत मासा सुखाने विहरतो! त्याच्या कवटीची हाडेही पुरती जुळलेली नसतात.

चीनमधील झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचाच कित्ता गिरविला. त्यांचा वीतभर लांबीचा यंत्रमासा सिलिकोन रबराचा आहे. विजेचे भाग एकत्र न ठासता देहात विखरून बसविलेले आहेत. त्याचा स्नायू म्हणजे विद्युतरोधक रबरी पडदा. पडद्याच्या दोन्ही अंगांस विरुद्ध विद्युतभार दिला की ते परस्परांस ओढतात व पडदा चेपून पसरतो. भार काढताच तो आकसतो आणि पंख हलतो. मोटार नाही, दातेरी चाक नाही.

२०१९ साली मारियाना गर्तेत याने पंख हलविले. मात्र तेव्हा तो वाहक यंत्रास जखडलेला होता. मोकळा पोहला तो दक्षिण चीन समुद्रात, ३,२२४ मीटर खोलीवर. हा भेद मुलांस अवश्य सांगावा. तेथेही त्याचा वेग सेकंदास जेमतेम पाच सेंटिमीटर होता; जोराच्या प्रवाहापुढे तो टिकावयाचा नाही.