परसबाग आणि शुश्रूषेचा शीण

प्रश्न : मोहोळ तालुक्यातील गावी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची शुश्रूषा थोरल्या जाऊबाई एकट्याच करतात, त्यांची झोप उडाली आहे, चिडचिड वाढली आहे. परसबागेने त्यांना आराम पडेल का?
– एक वाचक, नवी पेठ, सोलापूर

उत्तर : दीर्घ आजाऱ्याची सेवा करणाऱ्या कुटुंबीयावर साचत जाणाऱ्या शारीरिक, मानसिक व आर्थिक ताणास ‘शुश्रूषाभार’ म्हणतात, आणि तो मोजणारी प्रश्नावली स्टीव्हन झारिट व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडली. परसबागेचा उपयोग होऊ शकतो, कारण ज्या सेवेत रुग्ण बरा होताना दिसत नाही, तिच्या जोडीला काही दिवसांत उगवणारी व महिनाभरात खुडता येणारी मेथी केलेल्या कष्टाचे फळ डोळ्यांना दाखवते. मन उदास असतानाही छोटी, अर्थपूर्ण कामे ठरवून करण्याच्या उपचारपद्धतीस ‘वर्तन-सक्रियण’ असे नाव आहे. मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि पाणी बेताचे असते, तेव्हा बाग हे आणखी एक ओझे ठरू नये म्हणून मोरीच्या सांडपाण्यावरचे अळू आणि आळ्यात उसाचे पाचट अंथरलेला शेवगा एवढे पुरे.

खरा प्रश्न वेळेचा आहे. जाऊबाई वाफ्यात असताना सासूबाईंजवळ दुसरे कोणी बसणार नसेल, तर हा सल्ला निरर्थक ठरतो, आणि ती पाळी घरातील पुरुषांनीही घेतलीच पाहिजे. झोप दोन आठवडे उडालेली असल्यास, आणि जगणे नकोसे वाटत असल्यास तर तत्काळ, मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य, मराठीतूनही उपलब्ध आहे.