विशीत तोंडात बुरशी आली तर

चि. भाच्यास,

तुझ्या जिभेवर पांढरे चट्टे आल्याचं कळलं. घरातून लगेच बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तुरटीच्या गुळण्या सुचवल्या गेल्या. तोंड आलं की आपल्याकडे हेच होतं. पण तोंड येणं म्हणजे फोड, आतून सोलवटणं. दह्यासारखा पांढरा थर, जो कापसाने पुसला तर निघतो आणि खाली लाल, हुळहुळी त्वचा दिसते, तो बहुधा कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा. पुसूनही न निघणारा पांढरा डाग मात्र दंतवैद्याला दाखवावाच, विशेषतः तंबाखूची सवय असेल तर.

ही बुरशी कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात एरवीही असते. शरीराची प्रतिकारशक्ती, लाळ आणि तोंडातले इतर जंतू तिला आवरून धरतात. तान्ह्या बाळांत किंवा कवळी लावणाऱ्या आजोबांत ती माजते, त्यात नवल नाही. विशीतल्या धडधाकट मुलाच्या तोंडात माजली तर ती का माजली, हे विचारायलाच हवं.

उत्तर पुष्कळदा साधं निघतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब-हरियाणात पराळी, म्हणजे भात कापल्यावर शेतात उरलेलं काड, जळते, पाठोपाठ थंडी येते, आणि चंडीगडमध्ये राहणाऱ्या दमेकऱ्याचा इनहेलर हातातून सुटत नाही. त्यातल्या स्टेरॉइडचा अंश घशात आणि जिभेवर बसतो. पण म्हणून इनहेलर बंद करायचा नाही. तो बंद करणं जास्त धोक्याचं. इनहेलरला स्पेसर, म्हणजे जोडनळी, लावावा, आणि दर वेळी फवारा घेतल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंकून टाकावं. घसा धरला म्हणून दुकानातून परस्पर आणलेली अँटिबायोटिक्स हे दुसरं नेहमीचं कारण. सिगारेट, रक्तातलं लोह किंवा बी-१२ कमी असणं हीही कारणं असतात. मधुमेह तर तपासावाच; विशीतही तो असू शकतो.

आणखी एक तपासणी राहते, एचआयव्हीची, जिचं नाव घ्यायला घरं कचरतात. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद छापून आली. पाचही जणांना कॅन्डिडाची बाधा झालेली होती. एड्सची ती पहिली अधिकृत नोंद. भारतात १९८६ साली एचआयव्हीचे पहिले रुग्ण शोधले डॉ. सुनीती सॉलोमन यांनी, चेन्नईत. त्या माहेरच्या गायतोंडे, तिथल्या मराठी कुटुंबातल्या. पुढे १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने संशोधन आणि उपचारांचं केंद्र काढलं, आणि घरच्यांनी टाकलेल्या रुग्णांनाही तिथे आधार मिळाला.

पांढरा थर म्हणजे एचआयव्ही असं मुळीच नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते नसतंच. पण दुसरं कारण सापडत नसेल किंवा थर पुन्हा पुन्हा येत असेल, तर सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात ही तपासणी मोफत होते. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय ती करता येत नाही, आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. १०९७ या मदतवाहिनीच्या क्रमांकावर आधी विचारूनही घेता येतं.

उपचार अवघड नाही. डॉक्टर सहसा क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट देतात. ते जेवणानंतर लावायचं, मग अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. थर खरवडायचा नाही. चट्टे गेले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या मित्राच्या सल्ल्याने घेऊ नयेत. इतर औषधांशी त्यांचं बिनसतं, आणि अशा गोळ्यांना न जुमानणाऱ्या कॅन्डिडाच्या जाती आता भारतातही आहेत. चंडीगडच्या सेक्टर १२ मधल्या पीजीआय रुग्णालयात रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, त्यामुळे अवघड नमुना ओळखणारी माणसं त्याच शहरात आहेत. सुरुवातीला मात्र सेक्टर २५ मधलं पंजाब विद्यापीठाचं दंत रुग्णालय पुरे.

गिळताना छातीत दुखलं, ताप आला किंवा वजन उतरू लागलं, तर दंतवैद्याकडे न थांबता त्याच दिवशी फिजिशियनला गाठ. आईला तपासण्यांचे निकाल कळवायचे की नाही, हे तू ठरव.

तुझी मावशी